चेसीचा सांधा आणि पावसाळ्यातला रंग

प्रश्न : १:२४ मापाच्या (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या) प्लॅस्टिक मॉडेल ट्रकच्या किटची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, वाढवून लांब मालट्रक करतोय. सांध्यात ती वाकते. शिवाय जुलैत मारलेला लॅकर स्प्रे पांढुरका पडला. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : रंग वाया गेलेला नाही, घासून काढू नका. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी रंगावर बसतं. माझी पहिली केबिन अशीच दुधाळ झाली होती, तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) अगदी हलका हात द्या. बहुतेकदा रंग पुन्हा खुलतो.

आता चेसी. तिच्या दोन्ही लांब पट्ट्या एकाच रेषेत कापल्या की सांधा वाकणारच. एक पुढे, एक मागे अशी कापा. आतल्या खाचेत स्टायरीनची (मॉडेलच्या प्लॅस्टिकची) पट्टी सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जाईल अशी चिकटवा. प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा सिमेंटच वापरा आणि चेसी काचेवर दाबून रात्रभर ठेवा.

किती वाढवायची, ते कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ठरवा. ड्रायव्हरदादांना विचारून टेप लावा, आकड्याला २४ ने भागा. मीटरचे साधारण ४२ मिलिमीटर होतात. तिथे गेलात की आरशाखालचा काळा गोंडाही नीट बघा. शिवणाच्या काळ्या दोऱ्याचे पीळ सुईने सोडवले की तो हुबेहूब होतो. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून मालावर पसरा आणि ओला असतानाच दोरीचे वळ दाबून घ्या.