कार्बन फायबरचा कोपरा आत का मिटतो आणि साचा कधी बदलावा

नौकेच्या केबिनसाठी केलेला कार्बन फायबरचा काटकोनी ब्रॅकेट अचूक ९० अंशांच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात, १२० अंश सेल्सिअसला क्युअर करूनही (म्हणजे तापवून रेझिन, तंतूंना बांधणारा चिकट द्रव, घट्ट करूनही) ८९.१ अंशांचाच निघतो, तर साचा नव्याने घासून घ्यावा का, असे आपल्या गटाच्या मालवणच्या सदस्यांनी विचारले आहे. माझे मत असे की इतक्यात साच्याला हात लावू नये.

ओली फणसाची फळी वाळताना रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही, हे आपल्याकडचा कोणताही सुतार सांगेल. कार्बनचेही तसेच आहे. तंतूंच्या दिशेने लॅमिनेट, म्हणजे रेझिनने जोडलेले कापडाचे थर, फारसे हलत नाही. जाडीच्या दिशेने मात्र तंतूंचा आधार नसल्यामुळे ते बरेच आक्रसते. यामुळे कोपऱ्यात आतली आणि बाहेरची कमान एकमेकींच्या जवळ येतात, पण त्यांची लांबी तेवढीच राहते, म्हणून कोन मिटतो. १२० वरून ३० अंश सेल्सिअसवर थंड होताना कोनातला हा फरक जेमतेम पाव अंश भरतो. उरलेल्यातला मोठा वाटा रेझिन घट्ट होतानाच्या आकुंचनाचा असतो, त्यामुळे ओव्हन कितीही सावकाश थंड केला तरी तो जाणार नाही. कापड कोपऱ्यात साच्याला न टेकता ताणलेले राहिले, तर तिथे रेझिन साचते आणि त्याचाही कोनावर परिणाम होतो.

आता ब्रॅकेटची एक भुजा काचेवर टेकवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सारून ती सपाट आहे का पाहा, मग दुसरीला गुण्या लावा. १५० मिमीच्या भुजेच्या टोकाशी ०.९ अंश म्हणजे सुमारे २.४ मिमी फट दिसेल. भुजाच कमानदार असेल, तर दोष वेगळा आहे. एकदिश कापडाचे (सगळे तंतू एकाच दिशेचे) चार थर तंतूंच्या दिशेने ०, ९०, ०, ९० अंश असे लावले असतील, तर ते ०, ९०, ९०, ० करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. तरीही कमान राहिली, तर साच्याकडे बघा: ९० अंशांच्या तापवाढीत ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे २ मिमी फुगते, लॅमिनेट त्याच्या दशांशाच्या आसपास, आणि साच्याला चिकटलेला पहिला थर त्यात ओढला जातो. लांब भागांसाठी मी म्हणूनच कार्बनचाच साचा करतो.

भुजा सपाट असतील आणि एकाच पद्धतीने केलेले तीन तुकडे तोच कोन देत असतील, तरच साचा ९०.९ अंशांचा करा. १२० अंशांच्या कोपऱ्याला वळण ६० अंशांचेच असते, म्हणून तिथे ०.६ अंशांची भर पुरेल.