कोळसा खाणीत आयुष्य काढलेल्या आजोबांबद्दल तेरवीला काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा कोळसा खाणीतून निवृत्त झाले, नव्वदी ओलांडून गेले, तेरवीला दोन शब्द बोलायचेत, आणि ‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’ यापलीकडे काही सुचत नाही.

ते तिन्ही शब्द आधी खोडा. कुठल्याही म्हाताऱ्याला लागू पडतात. आजोबा खाणीत नेमकं काय करायचे ते सांगा. लोडर (कोळसा भरणारे) होते, ट्रॅमर (कोळशाच्या गाड्या ढकलणारे) होते, टिंबरमन (छताला लाकडी टेकू लावणारे) होते, ड्रेसर (छताचे सुटे दगड पाडणारे) होते की हॉलेजवर (दोरानं गाड्या ओढणाऱ्या यंत्रावर) होते? ‘खाणीत होते’ यात मॅनेजरही येतो आणि टोपली उचलणाराही, आणि नातेवाइकांना हे असं मोघमच आवडतं. का आवडतं ते मला चांगलं माहीत आहे.

माझे बाबूजी लोडर होते. चंद्रपूर जिल्ह्यातली अंडरग्राउंड खाण. कंपनीच्या जमान्यात लागले, म्हणजे १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या त्याच्या बऱ्याच आधी, आणि वेकोलितून, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, रिटायर झाले. आताच्या पोरांना खाण म्हटलं की शॉव्हेल आणि डंपरच दिसतात. तेव्हा आत सुरुंग उडायचा, धूर निवळायचा, मग पडलेला कोळसा फावड्यानं टोपलीत, टोपली डोक्यावर, डोक्यावरून टबात, म्हणजे रुळावरच्या कोळशाच्या गाडीत. मजुरी टबावर. कंपनीच्या काळात टब जरा रिकामा दिसला की मुन्शी, म्हणजे कंपनीचा कारकून, तो मोजायचाच नाही, आणि त्यावर दाद कुणाकडे मागणार?

पण बाबूजींचं खरं कसब टोपलीत नव्हतं, कानात होतं. कामाच्या जागी पोचलं की आधी छत वाजवून बघायचं. एका हाताची बोटं वर दगडाला टेकवायची, दुसऱ्या हातातल्या सळईनं शेजारी ठोकायचं. खणखणीत वाजलं तर कामाला लागा. पोलं वाजलं, बोटांना थरथर लागली, तर तो दगड वरच्या थरापासून सुटलाय. तो पाडायचा, नाहीतर खाली टेकू द्यायचा. हे बघणं ड्रेसरचं आणि सरदाराचं, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याचं, काम, पण बाबूजी दुसऱ्याच्या कानावर विसंबत नसत. बरोबरचे काही जण विसंबले. त्यातले सगळे पाळी संपवून वर आले नाहीत.

ही सवय काही गेली नाही. माझ्या चुलतभावानं, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला बाबूजींना घेऊन गेलो. हॉल पाहुण्यांनी भरलेला, वहिनीच्या माहेरची सुटाबुटातली माणसं सोफ्यावर. बाबूजींनी कुठून तरी जाळी काढायचा बांबू पैदा केला आणि हॉलच्या मधोमध उभं राहून वर ठोकायला लागले. ठक, ठक, ठक. छताला पीओपी केलेलं. ते पोलं वाजणारच. बाबूजी सोफ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, “इथून उठा जी. वरतं पोलं वाजून राह्यलं.”

दोन बाया खरंच उठल्या! दादाचा चेहरा उतरला. त्यानं बाबूजींना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि जेवणाचं ताटही तिकडंच पाठवलं. मी त्यांना समजावलं की ही नुसती शोभा आहे, खरी स्लॅब त्याच्या वर. ते म्हणाले, “मंग याले टेकू कोनाचा हाय?” याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

ज्या माणसाला आतल्या खोलीत बसवलं, त्याच्याच टोपलीवर दादा इंजिनीअर झाला. मोठेबाबांची, म्हणजे दादाच्या वडिलांची, कोरडवाहू शेती, हाती काही लागायचं नाही. १९७५ पासून कोळसा कामगारांचा पहिला वेतन करार लागू झाला, बाबूजींच्या हातात जरा बरा पैसा यायला लागला, आणि तो आमच्या क्वार्टरमध्ये फार वेळ थांबायचा नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं. आईनं यावर अक्षर काढलं नाही. तिच्या वाट्याला बाबूजींच्या पँटी होत्या: कॅप लॅम्पची बॅटरी कमरेला असायची, तिचं ॲसिड झिरपून मागच्या बाजूला बारीक बारीक भोकं पडायची, आणि ती ठिगळावर ठिगळ लावत बसायची.

बाबूजी गेले तेव्हा पेपरात द्यायच्या मजकुरात मी ‘सेवानिवृत्त लोडर’ लिहिलं होतं. दादानं परस्पर ते बदलून ‘वेकोलिचे सेवानिवृत्त कर्मचारी’ छापून आणलं. त्याचं म्हणणं, बाबूजींना लाज वाटली असती. कसली लाज? कुणी विचारलं की बाबूजी ‘लोडर’ सांगायचे, वर ‘पीस रेटेड’, म्हणजे भरेल तेवढ्या टबांची मजुरी घेणारा, असं जोडायचे. नुसती हजेरी लावून पगार घेणाऱ्यांपेक्षा ते स्वतःला चार पायऱ्या वरचे समजत. लाज दादाला होती. तेरवीला मी माइक घेऊन लोडर म्हणजे काय ते सांगितलं आणि होस्टेलचा खर्च कुठून आला तेही सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं लग्नाच्या पत्रिकेपुरतं. मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. घरात ट्रंकेत जुने कागद असतील: सर्व्हिस शीट, सीएमपीएफचे (खाण कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे) कागद, जुन्या पे-स्लिपा. त्यावर पद आणि खाणीचं नाव सापडतं. मग त्यांच्याबरोबर काम केलेला कुणी हयात असेल तर त्याला गाठा, आणि ‘स्वभाव कसा होता’ असं विचारू नका. सगळे ‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होतात. इन्क्लाइननं, म्हणजे उतरत्या बोगद्यानं, चालत उतरायचे की पिंजऱ्यातून? जोडीला कोण असायचं? छत कधी बसलं होतं का? असं विचारा. आजोबांच्या हातावर, कपाळावर निळ्या खुणा होत्या का, तेही घरच्यांना विचारा. जखमेत कोळशाची भुकटी राहून वर कातडी धरली की ती निळाई जन्मभर जात नाही. एकेका खुणेची गोष्ट आजीला माहीत असेल. रात्रपाळी करून ते दिवसा झोपायचे तेव्हा घरात पोरं कशी वागायची, हे तुमच्या आत्याला विचारा. आमच्याकडे भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. हे सांगितलंत की ‘कुटुंबवत्सल’ म्हणायची गरज उरत नाही. दारू पीत असतील तर तेही लपवू नका. बाबूजी पगाराच्या दिवशी घ्यायचे, हे तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. ते बरोबरच बसायचे.

आता जरा सबुरीचं. पैशाचा हिशेब माइकवर काढायचा की नाही हे तुमच्या घरातलं वातावरण बघून ठरवा, माझ्यावर जाऊ नका. आजीला अपघाताच्या आठवणी सोसत नसतील तर तो भाग वगळा.

आणि वय सांगण्याआधी दोनदा तपासा. कंपनीच्या काळात भरती करताना जन्मतारीख कुणाकडे होती? मुन्शी तोंडाकडे बघून वय टाकायचा आणि तेच पुढं बी फॉर्मच्या रजिस्टरात, म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीत, चढायचं. त्या तारखांवरून कोर्टकज्जे झालेत. कागदावर बाबूजी त्यांच्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान निघत होते, म्हणून आम्ही आत्याचा हिशेब धरला आणि निधनवार्तेत वय छापलंच नाही. एवढ्या एका बाबतीत दादाचं आणि माझं एकमत झालं.