महागडे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यास मायलेज वाढते का?

साध्या पेट्रोलऐवजी महागडे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यास बेळगाव–खानापूर अशा रोजच्या फेऱ्यांत मायलेज वाढेल का, असे आपण विचारले आहे. गाडीच्या पुस्तिकेत ९१ ऑक्टेन लिहिले असेल, तर जादा पैसे अजिबात घालवू नयेत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके पडू नयेत, यासाठीची ती प्रतिकारक्षमता होय. टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनासाठी कंपनीने ९५ सांगितले असेल, तर मात्र ते अवश्य घालावे, विशेषतः भरल्या गाडीने चोर्ला किंवा तवंदी घाट चढताना, कारण तेव्हा इंजिनावर सर्वाधिक ताण येतो.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (आपल्या भागातील उसापासूनही ते बनते) आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे मायलेज थोडे घटणे स्वाभाविक आहे. जुनी गाडी असल्यास असे पेट्रोल तिला चालते का, हे पुस्तिकेत पाहावे.

खरी बचत टायरच्या हवेत आहे: ड्रायव्हरच्या दाराजवळील स्टिकरवर दिलेला दाब सकाळी, टायर थंड असतानाच तपासून घ्यावा.