ज्वारीला मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) लावला, डीएपीही भरपूर दिला. तरी बुरशी मुळांना का धरत नाही?

बहुतेक डीएपीमुळेच, कारण त्यात भरपूर स्फुरद (फॉस्फरस) असतं. स्फुरद कमी पडलं की ज्वारीची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं मातीत पाझरवतात, तीही अगदी सूक्ष्म प्रमाणात. मायकोरायझाच्या बीजाणूतून निघालेल्या तंतूला ती लागली की त्याला भराभर फांद्या फुटतात आणि मूळ सापडण्याची शक्यता वाढते. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. मग बुरशी मुळाच्या पेशीत शिरून बारीक फांद्यांची जाळी करते. तिथे ती झाडाला स्फुरद देते आणि झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेते.

स्फुरद आयतं मिळालं की झाड हा स्राव आवरतं, बुरशीला आत घेणंही कमी करतं. पिशवीतलं मायकोरायझा कितीही चांगलं असलं तरी मग फारसा फरक पडत नाही.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट टारफुल्याची, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाची. त्याचं धुळीसारखं बारीक बी मातीत वर्षानुवर्षं पडून असतं आणि याच रसायनांच्या चाहुलीने रुजतं. मदतीला बुरशी बोलवावी, तर मुळावर टारफुलाही येतो! म्हणून शेतात टारफुला असेल तर स्फुरद एकदम तोडू नका.

आधी माती परीक्षण करा आणि स्फुरद शिफारशीइतकंच द्या. मायकोरायझा बियाण्याजवळ पडेल असं टाका. बियाण्याला बुरशीनाशक लावणार असाल तर ते मायकोरायझाला चालतं का, हे आधी विचारून घ्या.