धमनी की रोहिणी?

एका वाचकाचा प्रश्न: पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शनला 'फुप्फुस-रोहिणीचा अतिदाब' म्हणावं की 'फुप्फुस-धमनीचा'? आणि त्यावरची सिल्डेनाफिल म्हणजे रक्त पातळ करायची गोळी ना?

दुसरं आधी उरकतो, कारण ऐकून ऐकून कान किटले आहेत. हृदयाची, फुप्फुसाची कुठलीही गोळी घरी आली की ती 'रक्त पातळ करायची'! सिल्डेनाफिल रक्त पातळ करत नाही. ती आवळलेल्या धमनीच्या भिंतीतले स्नायू सैल करते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीशी तिचं वैर आहे. दोन्ही पोटात गेल्या तर रक्तदाब धोकादायक कोसळतो. तेव्हा तिला नीट ओळखलेलं बरं.

आता रोहिणी. लाल ती रोहिणी, निळी ती नीला, ही जोडी शाळेत पाठ झालेली. पण फुप्फुसाकडे जाणारी ही नळी नेमकं प्राणवायू कमी असलेलं काळपट रक्त नेते! जोडीच्या कैवाऱ्यांनी सुश्रुत उघडावा. तिथे रोहिणी आणि नीला दोन्ही सिराच. एक रक्त वाहणारी, दुसरी पित्त.

धमनीचं कूळ मात्र झकास. 'ध्मानाद्धमन्यः' असं चरकसंहिता सांगते. धातू ध्मा, म्हणजे फुंकणं. गीतेत भीम पौंड्र शंख फुंकतो ते 'दध्मौ', पोट वाऱ्याने फुगतं ते 'आध्मान'. चरकाचा टीकाकार चक्रपाणी ध्मान म्हणजे नुसतं रसाने 'भरणं' म्हणून मोकळा होतो. शंख काय रसाने भरतात? ग्रीकांचा 'आर्टेरिया' शब्दही श्वासनलिकेला चालत असे, आणि त्यांचा वैद्य एरासिस्ट्राटस तर धमन्यांत वायूच असतो असं मानी. पुढे गेलेन या वैद्याने त्यांत रक्त दाखवून दिलं.

आणि तरी गंमत बघा, धमनीचं अस्तर खरोखर एक वायू सोडतं: नायट्रिक ऑक्साइड. १९९८चं वैद्यकाचं नोबेल त्याच्याच कामगिरीच्या शोधाला मिळालं. या वायूच्या इशाऱ्यावर स्नायूंत सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं आणि भिंत सैलावते. ते मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) सिल्डेनाफिल अडवते. याच आजारावरची दुसरी गोळी, रिओसिग्वाट, ते जास्त बनवायला लावते. चरकांना हे ठाऊक होतं म्हणणाऱ्यांच्या टोळीत मी नाही, पण नाव चपखल बसलंय. तिसरी गोळी बोसेंटन, तिचं काम निराळं: धमनी आवळणाऱ्या एंडोथेलिन या रसायनाला ती भिंतीला बिलगूच देत नाही. तिच्यासाठी व्युत्पत्ती रोहिणीवाल्यांनी शोधावी.