चढ धन आला, तिथेच थांबायला हवं होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. आलेखातली रेषा (−२, ७) आणि (४, −२) मधून जाते. तिचं समीकरण काढायचं आहे आणि तिच्यावरच्याच प(क, १) आणि फ(१०, ख) या बिंदूंमधले क आणि ख शोधायचे आहेत. तुमचं उत्तर क = −६, ख = २५ आणि पुस्तकातलं २ आणि −११. पुस्तक बरोबर आहे. तुमची रीतसुद्धा बरोबर आहे, गफलत झाली ती फक्त चढ (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) काढताना.

तुम्ही अंशात ७ − (−२) घेतलंत, म्हणजे पहिल्यातून दुसरा वजा केला. छेदात मात्र ४ − (−२), म्हणजे दुसऱ्यातून पहिला. दोन्ही वजाबाक्या सुट्या बघितल्या तर बिनचूक आहेत, पण क्रम बदलल्यामुळे चढ ३/२ आला. क्रम एकच ठेवा: (−२ − ७) / (४ − (−२)) = −९/६ = −३/२.

आता आलेखाकडे बघा. रेषा डावीकडून उजवीकडे जाताना खाली उतरते, म्हणजे चढ ऋणच असणार. हे आकडेमोडीच्या आधी ठरतं! मी कितीतरी वर्षं गणित शिकवतोय आणि पेन उचलण्याआधी हेच विचारतो: रेषा चढतेय की उतरतेय? धन चढ हाती आला त्याच क्षणी तुम्हाला खटकायला हवं होतं.

पुढचं सोपं आहे. य = म × क्ष + स मध्ये (म म्हणजे चढ, स म्हणजे क्ष = ० असताना य ची किंमत) म = −३/२ आणि (−२, ७) घातले की ७ = ३ + स, म्हणून स = ४. अपूर्णांक नको म्हणून दोन्ही बाजूंना २ ने गुणलं की ३क्ष + २य = ८.

पडताळा तुम्ही घेतला होतात, हे मला फार आवडलं. पण तो घेतला (−२, ७) नेच, आणि स काढला होता तोही त्याच बिंदूवरून. तिथे समीकरण जुळणारच, चढ कितीही चुकलेला असो. पडताळा नेहमी दुसऱ्या बिंदूने घ्यायचा. तुमच्या य = (३/२)क्ष + १० मध्ये क्ष = ४ घातलं तर य = १६ येतो, −२ नाही. चूक लगेच उघडी पडते. आपल्या समीकरणात १२ − ४ = ८, जुळलं.

क आणि ख साठी समीकरणात किमती घाला: ३क + २ = ८, म्हणून क = २; ३० + २ख = ८, म्हणून ख = −११. हेच समीकरणाशिवायही होतं, आणि मला ती वाट जास्त प्रिय आहे. चढ −३/२ म्हणजे २ उजवीकडे गेलं की ३ खाली. (४, −२) पासून क्ष = १० पर्यंत ६ उजवीकडे, तर ९ खाली: −११. (−२, ७) पासून य = १ पर्यंत ६ खाली, तर ४ उजवीकडे: २. रेषेवर कुठेही उभे राहा, हे प्रमाण बदलत नाही. सरळ रेषा म्हणजे तेच.

घरं मोजून चढ काढायचा असेल तर आधी आलेखाच्या कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाण वाचा. तुमच्या चित्रात क्ष-अक्षावर एक घर १ एककाचं आहे, य-अक्षावर २ एककांचं. (०, ४) पासून (४, −२) पर्यंत ४ घरं उजवीकडे आणि ३ घरं खाली दिसतात, पण चढ −३/४ नाही. ती ३ घरं म्हणजे ६ एकक, म्हणून −६/४ = −३/२. बिंदूही असेच निवडा, जिथे रेषा जाळीच्या बरोबर कोपऱ्यातून जाते. (−२, ७) या आलेखात घराच्या मधोमध पडतो, तो नुसत्या नजरेने वाचायला गेलात तर ६.५ किंवा ७.५ सहज वाटेल.

शेवटच्या उपप्रश्नात रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते ते तुम्ही आलेखावरून वाचून (२.७, ०) लिहिलंय. तिथे य = ० घाला: ३क्ष = ८, म्हणून छेदबिंदू (८/३, ०). २.७ हा जवळचा अंदाज झाला, पण तो समीकरणात घातला तर ८ ऐवजी ८.१ येतात, म्हणजे तो बिंदू रेषेवर नाही.