आजोबांच्या ट्रंकेत सहाव्या जॉर्जची दहाची नोट सापडली, लॅमिनेट करू का?

अजिबात नको! लॅमिनेट केली की संग्राहकाच्या लेखी ती जवळपास संपलीच. इस्त्री, सेलोटेपही नको. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद लगेच सर्द होतो, म्हणून पीव्हीसी नसलेल्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात सपाट ठेवा.

मग नोटेवरची रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही बघा. टेलर यांची असेल तर नोट १९३८ ते ४३ मधली, चिंतामणराव देशमुखांची असेल तर त्यानंतरची. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आपला मराठी माणूस. ती सही बघताना मला अजून भरून येतं. नोट उजेडाकडे धरलीत की कागदात राजाचा चेहरा दिसेल. टाचणीची भोकं असली तर घाबरू नका, बँकेत गड्ड्या टाचायचेच. खरी दुर्मीळ म्हणजे १९१८ ची अडीच रुपयांची नोट. ट्रंकेचा तळ पुन्हा एकदा नीट चाचपा!